गव्हर्नर व्हायचंय? घ्या कृती

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका बँकेत परवा दोन तास बाकड्यावर बसलो. तेवढ्यात रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर होण्याची अख्खी कृती सुचली. रघुराम राजन यांची वाट धरायची, बस.

भोपाळला जन्म घ्या. दिल्लीची आयआयटी, अहमदाबादची आयआयएम, १९९१ साली एमआयटीची डॉक्टरेट. किरकोळ कामं.

चाळिशीत नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ व्हा. २००५ साली अमेरिकेत जॅक्सन होलच्या अर्थपरिषदेत सगळे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ग्रीनस्पॅन यांची आरती ओवाळत असताना उठून सांगा की या नव्या वित्तव्यवहारांनी जग जास्त धोक्यात आलंय. लोक मागासलेला म्हणतील. तीन वर्षं थांबा, २००८ चं जागतिक आर्थिक संकट येतंच.

सप्टेंबर २०१३ ला खुर्चीत बसा आणि मग रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, उतरवा. राजन यांनी जानेवारी २०१५ ते एप्रिल २०१६ मध्ये तो आठवरून साडेसहावर आणला. दीड टक्का! हा दीड टक्का मुंबईहून निघतो, बडनेऱ्याला चहा प्यायला उतरतो आणि गाडी सुटते. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी इमारत, तिथून माझी शाखा पायी पंधरा मिनिटं, पण पोचत नाही म्हणजे नाही. बँका दर उतरवत नाहीत म्हणून राजन जाहीरपणे चिडले, बँकेला पैसा उभारायला येणाऱ्या ताज्या खर्चावर कर्जाचा दर ठरवणारा एमसीएलआर आणला. २०१९ पासून घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली, पण नवी! माझं २०१४चं, बेस रेटवालं, म्हणजे बँकेनं स्वतः ठरवलेल्या जुन्या दराचं. शेजारी आठच्या खाली, मी साडेनऊवर. हप्ता चुकला तर बाराच्या आत तीन फोन. दर उतरला तर एक चिटोरं नाही. काउंटरवरची बाई म्हणते, "अर्जच नाही केला ना भाऊ तुम्ही." वरून दर बदलायची फी. साहेब कुठं? "साहेब जेवून राहिले." साडेतीन वाजता!

तीन वर्षं झाली की शिकागोला परत जा. तिथं माझी शाखा नाही.

लाज वाटत नाही का रे तुम्हाला? ज्याच्या हप्त्यावर अकरा वर्षं शाखा चालवली, त्यालाच फी मागता?

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही दात काढू नका. राजनला दुसरी टर्म मिळायला हवी होती की नाही, यावर पानठेल्यावर तासभर भांडता. स्वतःचं कर्ज बेस रेटवर आहे की रेपोवर, ते सांगा बरं. कपाटातला करार काढा. मी काल काढला. पेन्सिलीच्या प्रत्येक खुणेपाशी माझी सही आहे, आणि वाचलेली एकही ओळ नाही.