शिंगं कोणत्या खात्यावर टाकायची?

जपानी टीव्हीवर वर्षाचे चार हंगाम असतात, आणि चारही हंगामांत शाळकरी मुलीच असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर तिमाहीला ॲनिमेची, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांची, नवी खेप उतरते. एकेक मालिका साधारण बारा-तेरा भागांची. त्यात हायस्कूलच्या चार-पाच मुली, त्यांचा एक क्लब आणि काहीही न घडणारी गोष्ट असा माल हमखास. मी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते, त्यामुळे तिमाहीची ही शिस्त मला मनापासून पटली. तिचा भार माझ्या डोक्यावर का, एवढंच पटलं नाही.

२०२४ च्या जूनमध्ये कन्या बारावीत गेली आणि घरात तह झाला. एका तिमाहीत एकच मालिका. कोणती, ते आईने ठरवायचं, प्रत्येकीचा पहिला भाग बघून. हे शेवटचं कलम कन्येनेच सुचवलं. आईला निर्णयाचा अधिकार देते म्हणजे पोरगी समंजस झाली, असं तिच्या बाबांना वाटलं. पण पहिले भाग कोट्यात धरायचे नाहीत, हेही त्याच कलमात होतं. म्हणजे जितक्या नव्या मालिका, तितके पहिले भाग फुकट, वर आई सोबतीला. मुलगी माझीच आहे, शंका नको.

बघण्याची वेळ तिकडच्या घड्याळाने ठरते. या मालिका जपानात बहुतेक मध्यरात्र उलटल्यावर लागतात, आणि टीव्हीच्या वेळापत्रकात रात्रीच्या दीडला ‘२५:३०’ लिहितात. दिवस संपला तरी किर्द बंद करायची नाही, आदल्याच तारखेत नोंदी ओढत राहायच्या! आमच्या एखाद्या शाखेने असं केलं तर मी लाल पेनाने शेरा मारते. पण तिकडे साडेपंचवीस वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा होतात. ओटा आवरून, दही विरजून टेकायची वेळ. तक्रारीला जागाच ठेवलेली नाही.

जुलैच्या खेपेला हात घालण्याआधी कन्येने फर्मावलं, की मला परंपरा ठाऊक नाही, आधी जुनी उदाहरणं बघ. बघितली. २००२ च्या ‘अझुमांगा दाइओ’त दहा वर्षांची चियो थेट हायस्कूलमध्ये येऊन बसते, कारण ती हुशार आहे. मी विचारलं, “जन्माचा दाखला कुणी तपासला?” २०११ च्या ‘निचिजो’त पाठीला किल्ली असलेली यंत्रमुलगी आहे. तिला बनवणारी शास्त्रज्ञ वयाने आठ. याच शाळेचे मुख्याध्यापक पटांगणात हरणाशी कुस्ती खेळतात आणि त्याला कंबरेला धरून मागच्या मागे आपटतात. मी तोंड उघडलं, तर कन्या म्हणाली, “आई, विमा होता की नाही ते विचारू नकोस.” तेच विचारणार होते.

पण खरी गुंतले ती २००९ च्या ‘के-ऑन’मध्ये. शाळेचा वाद्यवृंद क्लब बंद पडायला आलाय, चार सभासद हवेत, तीनच आहेत. चौथी युई. तिला एकही वाद्य येत नाही. तिला घेतात. गणपूर्तीसाठी कुणालाही सभासद करून घेणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, त्यामुळे इथवर ठीक. मग युईला गिटार हवी. दुकानात तिची नजर जाते ती अडीच लाख येनच्या गिटारीवर, म्हणजे आजच्या भावाने सव्वा लाखाच्या वर रुपये. पैशासाठी सगळ्या जणी रस्त्याकडेला बसून गाड्या मोजायचं काम करतात. मेहनताना अर्थातच पुरत नाही. मग मुगी नावाची श्रीमंत मैत्रीण दुकानदाराशी दोन शब्द बोलते आणि अडीच लाखांची गिटार पन्नास हजारांत मिळते. का? दुकान मुगीच्या वडिलांच्या कंपनीचं!

मी उठून बसले. हा संबंधित पक्षाशी, म्हणजे आपल्याच माणसाशी, झालेला व्यवहार आहे. ऐंशी टक्के सूट, ठराव नाही, दरपत्रक नाही, नोंद नाही. शिवाय क्लबात रोज जो केक आणि चहा होतो, तोही मुगीच्याच घरून येतो. देणगी म्हणून दाखवलाय का?

“आई, तू कॉमेडी बघतेयस की ऑडिट करतेयस?”

“दोन्हीत फरक तू ठरव.”

याच मालिकेत युईची धाकटी बहीण आहे, उई. आईवडील कायम कुठेतरी प्रवासाला. स्वयंपाक, साफसफाई, ताईला उठवणं, सगळं ही पोर करते, आणि तेही हसतमुखाने. तिच्या बाजूने कुणी एक अक्षर बोलत नाही. मी बोलले, बराच वेळ. कन्या म्हणाली, की प्रेक्षकांची ती फार आवडती आहे. असणारच. फुकट राबणारी कुणाला नकोशी होते?

त्या सगळ्या गोतावळ्यात माझ्या जातकुळीची एकच निघाली. विद्यार्थी परिषदेतली नोदोका. पुढे एका भागात ती शांतपणे उघड करते, की क्लबच्या मान्यतेचा अर्जच आलेला नाही. चहा पिणं, केक खाणं, सगळं इतके दिवस अनधिकृत! अध्यक्षा रित्सू अर्ज द्यायला विसरली होती. त्या जागी कन्या पोट धरून हसली. मी टाळ्या वाजवल्या.

एव्हाना मला साचा कळला होता. पहिला भाग एप्रिलमध्ये उघडणार, कारण तिकडचं शैक्षणिक वर्ष एप्रिलपासून. फुलांनी डवरलेली साकुरा, म्हणजे तिकडची चेरी. मुख्य मुलगी वर्गात शेवटच्या रांगेत, खिडकीशी. मोर्च्यात फिरणाऱ्या गाडीवरचा भोंगाही लाजेल असा एकीचा आवाज, जो ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला विचारलं, की मांजर पाळलंय का. अभ्यास शून्य. त्यांचं हायस्कूल म्हणजे पंधरा ते अठराची तीन वर्षं. आपल्याकडे याच वयात पोरी सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि संध्याकाळी सीईटीची टेस्ट सिरीज अशा रडत फिरतात. तिथे या चहा पिताहेत. माझी लेक त्याकडे ज्या नजरेने बघते, ते मला दिसत नाही असं नाही.

२०२२ च्या ‘बोच्ची द रॉक!’ने मला जरा चकवलं. गोतो हितोरी ही मुलगी इतकी बुजरी, की कपाटात बसून गिटार वाजवते. तिच्या घरी मात्र आई आहे, वडील आहेत, धाकटी बहीण आहे, कुत्रा आहे. हजेरीपट भरलेला! पहिल्याच भागात तिला टोकियोच्या शिमोकिताझावा भागातल्या छोट्या संगीत-क्लबात लोकांसमोर वाजवायची वेळ येते, तर ती पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरून आतून वाजवते. खोक्यावर लिहिलंय ‘पिकलेला आंबा’. माझं माहेर देवगडचं. भारतीय आंब्यावर फळमाशीच्या धास्तीने घातलेली बंदी जपानने २००६ साली उठवली, ते आमच्या वाडीत अजून सांगतात. खोक्याच्या मापावरून मी अंदाज केला, सहा डझनाची पेटी नाही, त्याहून पुष्कळ मोठी. कन्येने टीव्ही थांबवला आणि मला पाणी आणून दिलं.

तर आता नवा माल. जुलै २०२४. पहिली ‘शिकानोको नोकोनोको कोशितानतान’. हे नाव आहे. गाणंही तेच आहे, आणि त्या गाण्यावरच्या नाचाचा तुकडा मालिका सुरू व्हायच्या आधीच जगभर फिरून आला होता. टोकियोच्या पश्चिमेला हिनो शहर आहे, तिथली कोशी तोराको ही आदर्श विद्यार्थिनी. पूर्वी ती गुंड होती, पण शाळेत कुणाला पत्ता नाही. सकाळी शाळेला जाताना तिला विजेच्या तारांना लटकलेली एक मुलगी दिसते. मुलीला शिंगं आहेत. सांबरासारखी, फाटे फुटलेली, शिंगं. थोड्या वेळाने हीच पोर कोशीच्याच वर्गात नवी विद्यार्थिनी म्हणून येते. शिंगांमुळे इमारतीचं काय होतं ते मी लिहीत नाही, दुरुस्ती खर्च डोळ्यांसमोर येतो. पुढे तिची काळजी घ्यायला हरीण क्लब निघतो आणि कोशी त्याची अध्यक्षा होते.

मी एवढंच विचारलं, “शिंगं नराला असतात ना? माद्यांना कुठे?”

“रेनडियरच्या माद्यांना असतात.”

“ही रेनडियर आहे?”

“आई, मी बायो सोडलंय.”

मी हसले नाही, हे नोंदवून ठेवते. पण दुसऱ्या दिवशी एका पतसंस्थेची खतावणी तपासताना माझ्या तोंडून “नोकोनोको” बाहेर पडलं. व्यवस्थापकांना वाटलं मी एखादी नोंद वगळायला सांगतेय. घाईघाईने म्हणाले, “नको असेल तर नको, मॅडम.”

दुसरी ‘माकेइन’. स्थळ तोयोहाशी, आइची प्रांत. हिच्यात एक मुलगा पण सापडला, नुकुमिझू. प्रेमात हरलेल्या मुलींची ही गोष्ट. हॉटेलात यानामीला तिचा बालमित्र सोडून दुसरीच्या मागे धावत जातो. मग ती त्याच्या उरलेल्या पेयाच्या नळीला तोंड लावते, आणि नेमकं तेव्हा शेजारी पुस्तक वाचणाऱ्या नुकुमिझूशी नजरानजर होते. पुढे ती दुःखाच्या भरात भरपूर खाते. पैसे? नाहीत. बिल हा भरतो. अट एकाच भागाची होती, पण थकबाकी अर्धवट सोडून उठायची मला सवय नाही, म्हणून पुढचाही बघितला. यानामी कर्ज फेडते डबे करून. रोज एक डबा, आणि तो किती येनचा धरायचा ते नुकुमिझू खाऊन ठरवतो. मूल्यांकन! वसुली! वस्तुरूप परतफेड, तीसुद्धा धनकोच्या संमतीने! माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे वर्षानुवर्षं समजावते आहे.

निकाल रविवारी दिला. ‘माकेइन’, ऑडिट वर्ग ‘अ’. शिकानोकोला ‘ड’, मालमत्तेचं नुकसान आणि तारांना हात लावल्याबद्दल. कन्येने आदराने मान डोलावली. तिला पहिल्यापासून ‘माकेइन’च हवी होती, हे तिच्या फार लवकर मान्य करण्यावरून ओळखायला हवं होतं.

आवाज उठला तो पेपराआडून. “हरणाचं पुढे काय होतं?” नवऱ्याने विचारलं. इतके दिवस हा माणूस अग्रलेख वाचतोय असा माझा समज. तहात त्याचं नाव नाही, कोटा नाही, त्याची बारावीही नाही. आता तो रात्री दहाला हरीण लावतो आणि मान डोलवत बसतो. कन्येने माझ्याकडे लेखी विचारणा केली आहे: बाबा बघत असताना ती त्याच सोफ्यावर बसून पोळी-भाजी खात असेल, तर तो भाग कुणाच्या नावावर पडतो?

मी शेरा मारलाय: संबंधित पक्ष. खुलासा मागवावा.