काडी लावायच्या आधी

ऊसतोड तोंडावर आली की गावाकडच्या ग्रुपवर पाचटाचा, म्हणजे तोडीनंतर रानात पडलेली उसाची वाळकी पानं पेटवावीत की नाहीत याचा, वाद उकरला जातो. इंग्लंडातून ‘पेटवू नका’ लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यंदाचा टोमणा असा : ‘सगळं जग पेटलंय आणि ह्यांना आमच्या धुराचं पडलंय. विलायतेत बसून सांगायला काय जातंय!’

बरं, जगाचंच घ्या. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, वायूचे भाव भडकले आणि खतांचेही. आपल्याला ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळत राहिलं, कारण वरचा फरक सरकारनं सोसला. एकरी तीन-चार टन पाचट पडतं. त्यात पंधरा-वीस किलो नत्र असतं, म्हणजे जवळपास एक पोतं युरिया. काडी लावली की ते धुराबरोबर जातं. राखेत पालाश उरतं, सेंद्रिय कर्ब नाही. मग युद्धाचा आणि पाचटाचा संबंध नाही कसा?

पाचट सरीत दाबायचं, तोडलेल्या उसाचे बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटायचे. उंच राहिले तर वरचे डोळे फुटतात आणि फुटवा कमजोर येतो. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो कुजवणारे जिवाणू, आणि पाणी. युरिया वगळला तर जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात, खोडवा (बुडख्यांतून फुटणारा पुढचा ऊस) पिवळा पडतो. मग ‘पाचटानं घात केला’ म्हणत पुढच्या वर्षी काडी.

इथं इंग्लंडात, हेरफर्डशरमध्ये, ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे गेली की ओक आणि बीचची झाडं झडतात. त्या पानांचं खत करायला चार खुंट, कोंबड्यांची जाळी, मीटरभर चौकोन. पानं भिजवून, तुडवून भरायची. युरिया नको, हे काम बुरशीचं. तिला दोन वर्षं लागतात. बिघडतं ते पाण्यावाचून : ढीग वरून ओला, आत कोरडाठाक, आणि दोन वर्षांनी पानं जशीच्या तशी. हॉली-लॉरेलची चिवट पानं तर घालूच नयेत. बातम्या बंद करून तासभर दाताळं ओढलं की रात्री झोप लागते, एवढं खरं.

इंग्लंडात धसकटं पेटवत नाहीत, हे ग्रुपवर ऐटीत सांगता येतं. ते शहाणपण १९९३ च्या बंदीनं आलं. त्याआधी इथली शिवारंही पेटतच होती. पाच नोव्हेंबरला गाय फॉक्सच्या सणाला इथं गावोगाव होळ्या पेटतात, त्या तुलनेत कुणी धरत नाही. (आणि त्या धुराचा वास नाकाला थेट करवीरच्या रानात नेतो, हेही ग्रुपवर कुणी लिहीत नाही.)

पानांच्या ढिगावर इथं कुणाचं पोट नाही, म्हणून दोन वर्षं थांबणं परवडतं. तिकडे गावाकडे तोडकऱ्यांची टोळी रानातून निघाली की पाण्याची पाळी अंगावर येते. भरल्या सरीतून पाणी पुढं सरकत नाही. पाचटात उंदीर, उंदरामागे साप. दाबायला गडी मिळत नाही. काडीला मात्र पैसे पडत नाहीत. एकाआड एक सरी मोकळी ठेवली तर पाण्याची अडचण सुटते, पण रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर असतो वाटेकरी. सातबाऱ्यावरचं नाव तेव्हा हेरफर्डशरमध्ये दाताळ्याच्या कौतुकात.

तेव्हा ‘पेटवू नका’ लिहिण्याआधी ट्रॅक्टरवरच्या पाचट कुट्टी यंत्राचं भाडं आणि दोन गड्यांची मजुरी पाठवावी. टोळी उतरायच्या आत. नंतर पोचलेल्या पैशानं राखच सारखी करता येईल.