खुलासा : अमेरिकेत समलिंगींना २०१५ साली ‘सगळे’ हक्क मिळाले नाहीत

‘अमेरिकेत २०१५ साली समलिंगी विवाह कायदेशीर झाला आणि तिथला भेदभाव संपला’ असा मजकूर फिरतो आहे. त्यातला पहिला भाग खरा, दुसरा चूक.

२६ जून २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विवाहाचा हक्क मान्य केला. या खटल्यातले याचिकाकर्ते जिम ओबर्गफेल यांची मागणी तरी किती साधी होती! पती जॉन आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून आपलं नाव असावं, एवढीच. ओहायो राज्याने त्यालाही विरोध केला.

नोकरीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. अनेक राज्यांत खासगी मालकाने केवळ समलिंगी म्हणून कामावरून काढलं, तर दाद मागायला राज्याचा कायदाच नव्हता. जॉर्जियातले जेराल्ड बोस्टॉक काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) सेवेत मुलांच्या हितासाठी काम करत. समलिंगींच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळू लागल्यावर काही महिन्यांतच, २०१३ मध्ये, त्यांची नोकरी गेली. काउंटीने कारण वेगळं दाखवलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं संरक्षण समलिंगी कर्मचाऱ्यांनाही आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या खटल्यात थेट जून २०२० मध्ये आला. त्याच खटल्यातले, अशीच नोकरी गमावल्याची तक्रार करणारे स्कायडायव्हिंग प्रशिक्षक डोनाल्ड झार्दा तोवर हयात नव्हते. हा उशीर मला फार बोचतो.

घरभाडं, दुकानं, हॉटेलं यांबाबत स्पष्ट संरक्षण देणारं ‘इक्वॅलिटी अ‍ॅक्ट’ हे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडलं.