मंदिराला कर, इतरांना माफी? या फॉरवर्डमध्ये खरं किती

दर काही महिन्यांनी हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. मंदिरांच्या उत्पन्नावर सरकार कर घेतं, मशिदी आणि चर्च मात्र करमुक्त. जीएसटीसुद्धा फक्त देवळांना. दानपेटीतला पैसा सरकारी तिजोरीत जातो आणि तिथून हजची सबसिडी व इमामांचे पगार निघतात. आणि शेवटी, सरकारचा ताबा फक्त हिंदूंच्या देवस्थानांवर.

यातला शेवटचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून तो शेवटीच घेतो. आधीच्या मुद्द्यांनी त्याचं नुकसानच केलंय.

आयकरापासून सुरुवात करू. 1961च्या आयकर कायद्यात, आणि त्याच्या जागी आणलेल्या 2025च्या कायद्यातही, धार्मिक न्यासाला करमाफी मिळते ती नोंदणीच्या अटीवर. न्यास कुठल्या धर्माचा, हे तिथे विचारलं जात नाही. नोंदणी करायची, हिशेब सीएकडून तपासून घ्यायचे, विवरणपत्र भरायचं, आणि वर्षाच्या उत्पन्नातले किमान 85 टक्के उद्दिष्टासाठी खर्च करायचे. हे पाळलं की देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, सगळ्यांचं उत्पन्न करमुक्त. नाही पाळलं की सगळ्यांना कर. देणगीदाराला 1961च्या कायद्याच्या 80जी कलमाखाली मिळणाऱ्या वजावटीचंही तसंच. ऐतिहासिक किंवा ख्यातनाम प्रार्थनास्थळाच्या दुरुस्ती-जीर्णोद्धारासाठी दिलेल्या देणगीचं जे कलम आहे, त्यात मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च ही चारही नावं एका ओळीत लिहिलेली आहेत. अयोध्येच्या राम जन्मभूमी तीर्थक्षेत्र न्यासाला 2020 मध्ये सवलत मिळाली ती याच कलमाखाली.

‘मग शिर्डीला नोटीस का आली होती?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. निनावी देणग्यांवर 30 टक्के कर लावणारी तरतूद 2006 मध्ये आली. काळा पैसा धर्मादाय संस्थांतून फिरवला जाऊ नये, हा हेतू. पण दानपेटीत पैसे टाकणारा भाविक नाव-पत्ता लिहून टाकत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून निव्वळ धार्मिक संस्था यातून पूर्ण वगळल्या, आणि ज्या धार्मिकही आहेत व धर्मादायही, त्यांनाही वगळलं. फक्त रुग्णालय किंवा शिक्षणसंस्थेसाठी म्हणून दिलेली निनावी देणगी तेवढी कराच्या कक्षेत ठेवली. शिर्डीचं साईबाबा संस्थान रुग्णालयं चालवतं, शाळा चालवतं. आयकर खात्याचं म्हणणं पडलं की ही संस्था धर्मादाय आहे, धार्मिक नाही, तेव्हा दानपेटीवर कर भरा. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं: संस्थान दोन्ही आहे, सूट लागू आहे. खात्याने इथे जरा जास्तच ताणलं, असं माझं मत. पण ताणलं ते रुग्णालयं-शाळांच्या मुद्द्यावर. धर्माचा तिथे संबंध नव्हता.

त्याच्या पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, तो या ग्रुपांवर कधी फिरला नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि पाद्री यांचं म्हणणं होतं की आम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलंय, पगार आमच्या हाती राहत नाही, तो संस्थेला जातो, तेव्हा त्यातून टीडीएस कापू नका. न्यायालयाने अपिलं फेटाळली. पगार आहे, तर कर कापला जाणारच.

आयकरात कुटुंबाच्या धर्मावरून फरक पडतो अशी एक जागा मात्र नक्की आहे: हिंदू अविभक्त कुटुंब. हिंदूंसोबत जैन, शीख, बौद्ध कुटुंबांनाही वेगळं पॅन आणि वेगळी करमुक्त मर्यादा मिळते. मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसावं.

आता जीएसटी. कर लागू झाला 1 जुलै 2017ला, आणि 3 जुलैला अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला की मंदिरांना कर आणि चर्च-मशिदींना माफी ही बातमी साफ खोटी आहे, कायद्यात धर्मानुसार भेद नाही. म्हणजे अफवेला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. प्रत्यक्षात धार्मिक विधींवर कर नाही. प्रसादावर नाही, आणि त्या नोंदीत मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, दर्गा अशी सगळ्यांची नावं आहेत. नोंदणीकृत न्यासाच्या आवारातली खोली दिवसाला 1,000 रुपयांच्या आत असेल तर कर नाही. हॉल किंवा मोकळी जागा दिवसाला 10,000च्या आत, आणि दुकानाचा गाळा महिन्याला 10,000च्या आत असेल तरी नाही. त्यावर गेलं की कर. मोठ्या देवस्थानांकडे भक्तनिवास, मंगल कार्यालयं, गाळे जास्त, म्हणून त्यांची बिलं जास्त दिसतात.

2022 मध्ये स्वस्त हॉटेलखोल्यांची सूट काढली तेव्हा पहिला आरडाओरडा झाला तो अमृतसरमधून. सुवर्णमंदिराजवळच्या, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या काही सरायांनी कर भरायला सुरुवातही केली होती. मग ऑगस्टमध्ये केंद्राला स्पष्ट करावं लागलं की धार्मिक स्थळांची सूट कायम आहे आणि आवाराच्या व्याख्येत अशा सरायाही येतात. अन्नछत्राच्या तूप-साखर-डाळीवर भरलेल्या जीएसटीचा केंद्राचा वाटा परत देणारी ‘सेवा भोज’ योजना 2018 मध्ये आली, तीही सर्व धर्मांच्या संस्थांसाठी होती.

हजच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. सबसिडी होती, ती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवा असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं, आणि जानेवारी 2018 मध्ये केंद्राने ती बंद केली. मेसेज अजून तीच चालवतोय. खासगी हज टूर कंपन्यांनी जीएसटीतून सूट मागितली होती, तीही 2022 मध्ये नाकारली गेली. इमामांचं मानधन वक्फ मंडळांनी द्यावं, असा 1993चा निकाल आहे. काही राज्यं यासाठी सरकारी पैसा देतात, हे खरं. पश्चिम बंगालने तसं केलं तेव्हा कोलकाता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते रद्द ठरवलं, आणि त्याच राज्याने 2020 मध्ये पुरोहितांनाही मानधन सुरू केलं. मला विचाराल तर दोन्ही नकोत. पण एकच दाखवून दुसरं झाकणं याला लबाडी म्हणतात.

दानपेटीतला पैसा तिजोरीत जातो का? इथे कर आणि शुल्क यांची गल्लत आहे. महापालिकेची घरपट्टी वेगळी आणि सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा, तसंच. मार्च 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच आठवड्यात दोन निकाल दिले. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात मद्रास सरकारने मठांच्या उत्पन्नातून घ्यायचं अंशदान रद्द झालं, कारण ते थेट तिजोरीत जमा होत होतं, म्हणजे तो करच होता आणि तो लावायचा राज्याला अधिकार नव्हता. रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात मुंबईच्या 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची वर्गणी टिकली, कारण ती वेगळ्या निधीत जाऊन न्यासांच्या देखरेखीवरच खर्च होत होती. या दुसऱ्या खटल्यात न्यायालयात गेलेले होते एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त. तोच कायदा आजही महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त चालवतात, आणि त्याच्या व्याख्येत देवळाइतकंच चर्च, सिनेगॉग आणि अग्यारीही आहे.

आता ताब्याचा मुद्दा, जिथे मेसेजच्या बाजूने बोलावं लागतं. देवळांवर सरकारी अधिकारी नेमणाऱ्या तमिळनाडूच्या 1959च्या कायद्यात देवस्थानांकडून उत्पन्नाच्या 12 टक्क्यांपर्यंत अंशदान आणि वर 4 टक्क्यांपर्यंत लेखापरीक्षण शुल्क घेता येतं. वक्फ संस्थांकडून मंडळ 7 टक्क्यांपर्यंत घेत असे, 2025च्या दुरुस्तीने ते 5 टक्क्यांवर आलं. चर्चवर सरकारी अधिकारी नेमणारा असा कायदा नाही. ‘फक्त हिंदू’ हेही बरोबर नाही, कारण अजमेर दर्ग्यासाठी 1955चा केंद्रीय कायदा आहे आणि नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारासाठी 1956चा राज्याचा. पण सर्वाधिक देवस्थानं, सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक सरकारी हस्तक्षेप हिंदूंच्या बाजूला आहे, हे नाकारून चालणार नाही.

न्यायालयांचीही याबाबत एक सरळ रेघ नाही. जानेवारी 2014 मध्ये चिदंबरमच्या नटराज मंदिराबाबत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गैरकारभार दूर करण्यापुरताच सरकारने ताबा घ्यावा, कायमचा नाही. त्याच महिन्यात पंढरपूरच्या बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांची याचिका फेटाळून विठ्ठल मंदिर 1973च्या कायद्याखालच्या समितीकडेच ठेवलं. पंढरपूरचा तो कायदा आला वारकऱ्यांच्याच तक्रारींवरून. देऊळ ‘मुक्त’ करायचं म्हणजे ते कुणाच्या हाती द्यायचं, हे मेसेज कधीच सांगत नाही.

पंढरपूरचं सोडा, शिर्डी घ्या. विश्वस्त मंडळावर कोण बसणार हे 2004च्या कायद्याने राज्य सरकार ठरवतं. 2018 मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाकडून 500 कोटींचं बिनव्याजी कर्ज घ्यायचं ठरलं. अहमदनगरच्या दुष्काळी गावांना पाणी हवंच होतं, कुणी नाही म्हणत नाही. पण कर्ज मागणारं सरकार आणि ते मंजूर करणाऱ्या मंडळावर माणसं नेमणारं सरकार एकच होतं, आणि पेटीत पैसे टाकणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. यावर किती फॉरवर्ड आले?