इबोला, हवा आणि विमानबंदी: फिरणाऱ्या त्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

आफ्रिकेत कुठेही इबोलाचा उद्रेक झाल्याची बातमी आली की तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच राहतात. इबोला हवेतून पसरतो, पण ते लपवलं जातंय. एकदा झाला की 90 टक्के माणसं मरतात. भारतातही रुग्ण सापडला होता, सरकारने दडवला. हा विषाणू लस विकण्यासाठी प्रयोगशाळेत बनवला. आफ्रिकेतून येणारी विमानं ताबडतोब बंद करा. शेवटी एखादा घरगुती उपाय असतो आणि सगळ्या ग्रुपवर पाठवण्याची विनंती.

या आजाराची भीती वाटण्यात काहीच गैर नाही. 2013 च्या डिसेंबरात गिनीतल्या मेलियांडू या लहानशा गावात एक तान्हं मूल दगावलं, तिथून सुरू झालेली साथ 2016 पर्यंत चालली. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून 28,600 हून जास्त लोकांना लागण झाली आणि 11,300 हून जास्त दगावले. पण या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दावा भीतीला चुकीच्या दिशेला वळवतो. इबोला थांबतो तो रुग्णापर्यंत वेळेत पोचणाऱ्या माणसामुळे, आणि हा मजकूर नेमका त्याच माणसाची वाट अडवतो. म्हणून एकेक दावा घेऊन बोलायला हवं.

आधी हवेचं. इबोलाचा विषाणू रुग्णाच्या रक्तात, उलटीत, जुलाबात आणि शरीरातल्या इतर स्रावांत असतो. त्वचेवरच्या जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या नाजूक अस्तरातून तो दुसऱ्याच्या अंगात शिरतो. लक्षणं दिसण्याआधी माणूस तो पसरवत नाही. आजार बळावतो तसा अंगातला विषाणू वाढत जातो आणि मृत्यूच्या वेळी तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे लागण कुणाला होते? उशाशी बसलेल्या आईला, बहिणीला, सलाइन लावणाऱ्या नर्सला, मृतदेहाला आंघोळ घालणाऱ्या नातेवाइकांना. सिएरा लिओनच्या एका गावात औषधपाणी करणाऱ्या एका नामवंत बाईच्या अंत्यविधीला आसपासचे शेकडो लोक आले होते. त्या एका अंत्यविधीशी नंतर तब्बल 365 मृत्यूंचा संबंध जोडला गेला.

याची उलट बाजू अमेरिकेतल्या डॅलसमध्ये दिसली. सप्टेंबर 2014 मध्ये लायबेरियाहून आलेले थॉमस एरिक डंकन तिथे आजारी पडले. ताप चढलेल्या अवस्थेत ते एका फ्लॅटमध्ये आणखी चार जणांबरोबर राहिले. त्यांनी वापरलेल्या चादरी त्यानंतरही काही दिवस त्या घरातच होत्या. चौघांना 21 दिवस वेगळं ठेवण्यात आलं आणि चौघांपैकी एकालाही लागण झाली नाही. लागण झाली ती रुग्णालयात अखेरच्या, सर्वांत वाईट दिवसांत त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना. दोघीही पुढे बऱ्या झाल्या. हवेतून पसरणारा आजार असता तर आधी त्या घरातली माणसं आजारी पडली असती. हवेतून पसरणं म्हणजे काय ते गोवर दाखवतो: लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. पश्चिम आफ्रिकेत इबोलाचा एक रुग्ण साधारण दीड ते दोन जणांना देत होता.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की मग डॉक्टर नखशिखांत झाकलेले का असतात? प्रश्न रास्त आहे. इबोलाच्या रुग्णाला दिवसाला कित्येक लिटर जुलाब होऊ शकतात, उलट्या वेगळ्याच. अशा माणसाला उचलायचं, पुसायचं, त्याच्या शिरेत सुई घालायची, तर शिंतोडे उडणारच, आणि एक थेंब डोळ्यात गेला तरी पुरे. म्हणून तो पोशाख. पश्चिम आफ्रिकेच्या उकाड्यात तो घालून तासभर काम करणंही कठीण जायचं. त्याहून धोक्याचा क्षण तो उतरवण्याचा. त्या वेळी समोर दुसरा माणूस उभा राहतो आणि एकेक पायरी मोठ्याने सांगतो: आता हात क्लोरीनच्या पाण्यात, आता गॉगल, पुन्हा हात, आता बाहेरचे हातमोजे. घाईत हात चेहऱ्याकडे गेला तर तेवढ्याने जीव जाऊ शकतो. ही सगळी तजवीज स्पर्शापासून वाचण्यासाठी आहे. एवढं करूनही त्या साथीत पाचशेहून जास्त आरोग्य कर्मचारी गेले, कारण सुरुवातीला कित्येकांकडे साधे हातमोजेही नव्हते.

90 टक्क्यांचा आकडा हवेतून आलेला नाही, काही जुन्या उद्रेकांत मृत्यू तितके होते. पण तो प्रत्येक रुग्णाचं भविष्य म्हणून सांगणं चूक आहे. आजवरच्या उद्रेकांत हे प्रमाण 25 ते 90 टक्क्यांदरम्यान राहिलंय, सरासरी निम्म्याच्या आसपास. 2014-15 मध्ये अमेरिका आणि युरोपात उपचार मिळालेल्या 27 रुग्णांपैकी पाच दगावले. फरक सलाइनचा, क्षार भरून काढण्याचा आणि चोवीस तास लक्ष ठेवण्याचा होता. त्यानंतर काँगोमध्ये प्रतिपिंडांवर (अँटिबॉडीजवर) आधारित दोन औषधांची चाचणी झाली. अंगात विषाणू कमी असताना, म्हणजे लवकर, उपचार मिळालेल्या रुग्णांत ती घेतल्यावर मृत्यूचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं. ‘झाला की मेलाच’ असं घराघरात सांगितलं तर रुग्ण दवाखान्यात येईल कशाला? तो घरीच राहील आणि घरच्यांना आजार देईल.

भारतातल्या रुग्णाची गोष्ट अर्धी खरी आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये लायबेरियाहून दिल्ली विमानतळावर एक तरुण उतरला. त्याला तिकडेच इबोला होऊन गेला होता आणि बरा झाल्याचा दाखला त्याच्याकडे होता. त्याच्या रक्तात विषाणू नव्हता, पण वीर्याच्या नमुन्यात अंश सापडले, म्हणून त्याला विमानतळाच्याच आरोग्य कक्षात वेगळं ठेवण्यात आलं. ही माहिती खुद्द केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केली होती. दडवणं याला म्हणत नाहीत. त्याच्यापासून कुणालाही लागण झाली नाही.

या प्रकरणातून शिकण्यासारखं मात्र आहे, आणि ते मजकुरात कुठेच नसतं. बऱ्या झालेल्या पुरुषांच्या वीर्यात विषाणू कित्येक महिने, क्वचित वर्षाहून जास्त काळ राहू शकतो. 2021 मध्ये गिनीत नव्याने उद्रेक झाला तेव्हा त्यातला विषाणू जनुकीयदृष्ट्या जुन्या साथीतल्या विषाणूशी इतका जुळला, की तो वाचलेल्या एखाद्या रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षं टिकून होता असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे वाचलेल्या माणसांना वाळीत टाकून चालत नाही. त्यांच्या संपर्कात राहावं लागतं, तपासण्या कराव्या लागतात, निरोध पुरवावे लागतात.

आता सर्वांत संतापजनक दावा: विषाणू प्रयोगशाळेत बनवला, लस विकायला. इबोलाची ओळख 1976 मध्ये पटली, तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, यांबुकू गावी. तिथल्या मिशन रुग्णालयात मोजक्याच सिरिंज होत्या आणि त्याच दिवसभर सगळ्यांना वापरल्या जात. त्या उद्रेकात 318 जणांना लागण झाली, 280 मेले. गावाच्या नावाला कायमचा बट्टा लागू नये म्हणून विषाणूला नाव दिलं ते जवळच्या नदीचं. लसीचं म्हणाल, तर कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेने बनवलेल्या लसीने माकडं वाचतात हे 2005 मध्येच छापून आलं होतं. पुढची नऊ वर्षं ती माणसांवर तपासलीच गेली नाही, कारण गरीब देशांतल्या, अधूनमधून येणाऱ्या आजाराच्या लसीत कुणाला बाजार दिसत नव्हता. राग धरायचाच असेल तर त्या नऊ वर्षांचा धरा.

ती लस अखेर 2015 मध्ये गिनीत तपासली गेली. रुग्ण सापडला की त्याचे संपर्क आणि त्या संपर्कांचे संपर्क शोधून त्यांना टोचायचं, ही पद्धत. आपल्याकडे देवी हटवल्या त्या याच पद्धतीने. देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा, हे भिंतींवर रंगवलेलं आवाहन आपल्या आधीच्या पिढीने वाचलंय. गिनीत लस घेतलेल्या सुमारे 5,800 लोकांपैकी एकालाही टोचल्यापासून दहा दिवसांनंतर इबोला झाला नाही. इबोलाच्या विषाणूचे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि ही लस झाईर प्रकारच्या इबोलावर चालते. 2022 मध्ये युगांडात पसरला तो सुदान प्रकार होता, आणि त्यावर तेव्हा मान्यताप्राप्त लस नव्हती. तिथली साथ संपर्क शोधून आणि विलगीकरण करूनच आटोक्यात आणावी लागली.

आणि शास्त्रज्ञांनी सत्य दडवलं म्हणता? 2014 च्या उन्हाळ्यात सिएरा लिओनमधल्या केनेमा इथल्या रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूची 99 जनुकीय रूपं वाचून ती जगासाठी खुली केली गेली. साथ प्राण्याकडून माणसात झालेल्या एकाच संक्रमणातून सुरू झाली, हे त्यांवरून दिसलं. तो शोधनिबंध छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच गेले होते. केनेमात इबोलाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. शेख उमर खान त्यांतलेच एक. त्यांच्यावर हा आरोप करताना हात थबकायला हवा.

राहिली विमानबंदी. मागणी ऐकायला साधी वाटते आणि तिच्या पुष्ट्यर्थ लागोसचं उदाहरण दिलं जातं: एक प्रवासी आला आणि नायजेरियात इबोला शिरला. लागोसमध्ये पुढे काय झालं तेही सांगा. 20 जुलै 2014 ला तो प्रवासी, लायबेरियाहून आलेले पॅट्रिक सॉयर, तिथल्या विमानतळावर कोसळले. सरकारी डॉक्टरांचा संप असल्याने त्यांना खासगी रुग्णालयात नेलं. इबोलाच्या रुग्णाशी संबंध आल्याचं त्यांनी नाकारलं, सुरुवातीला मलेरिया वाटला. त्या रुग्णालयातल्या डॉ. स्टेला अमेयो अडाडेव्होह यांना शंका आली, त्यांनी इबोलाची तपासणी करायला लावली. सॉयर यांना परिषदेला जायचंय, सोडा, असा लायबेरियाच्या अधिकाऱ्यांकडून दबाव आला, तरी त्यांनी सोडलं नाही. त्यानंतर जवळपास 900 संपर्क शोधले गेले. कर्मचारी त्यांच्या दारात रोज जाऊन ताप मोजत होते, अशा सुमारे 18,500 गृहभेटी झाल्या. पोलिओच्या मोहिमेत तयार झालेली माणसं इथे कामाला आली. सुमारे दोन कोटी वस्तीच्या लागोससह अख्ख्या नायजेरियात 20 रुग्ण आणि आठ मृत्यू, इतक्यावर साथ थांबली. त्या आठांत डॉ. अडाडेव्होह होत्या.

त्या उलट विमानं बंद झाली की आधी अडकतात ते डॉक्टर, हातमोजे आणि औषधं. 2014 मध्ये बहुतेक कंपन्यांनी तिथली उड्डाणं थांबवली तेव्हा मदत पथकांना मोजक्या विमानांवर विसंबावं लागलं. प्रवासी थांबत नाहीत, ते आडवाटेने येतात आणि कुठून आलो ते सांगत नाहीत. हे आपण भोगलंय. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला, मृत्यू पन्नासच्या थोडे वर. तेवढ्यावर अनेक देशांनी भारताची विमानं अडवली, आपला माल नाकारला, कोट्यवधी डॉलरचं नुकसान झालं. खरं सांगणाऱ्या देशाला अशी शिक्षा मिळणार असेल तर पुढचा देश खरं सांगेल का? निघताना प्रवाशांची तपासणी आणि आल्यावर 21 दिवस लक्ष, यावर भर हवा.

सक्तीचं फळही लायबेरियाने पाहिलं. ऑगस्ट 2014 मध्ये मोनरोव्हियाची वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सैन्य लावून बंद केली, गोळीबारात एक किशोरवयीन मुलगा गेला, आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात घरं धुंडाळणारे सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, आले तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले होते. भ्यालेली माणसं सगळीकडे तेच करतात. खुद्द गिनीत, वोमे गावी, माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी मारून टाकलं, कारण हेच लोक रोग पसरवतात अशी अफवा होती.

घरगुती उपायाबद्दल एवढंच: त्याच ऑगस्टमध्ये नायजेरियात मिठाचं पाणी प्यायल्याने इबोला टळतो असा निरोप पसरला, आणि ते पिऊन किमान दोन जण मेले.

कंपाला, किन्शासा, लागोसला आपली माणसं नोकरीधंद्यासाठी आहेत, म्हणून एक कामाची गोष्ट. उद्रेक चालू असलेल्या भागातून कुणी परतलं असेल तर 21 दिवस रोज दोनदा ताप मोजा. ताप आला तर रिक्षाने ओपीडीत जाऊ नका, आधी फोन करून प्रवासाची माहिती द्या. दवाखान्यात गेलातच तर पहिलं वाक्य प्रवासाचं असू द्या, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचलंय ना, हे पुन्हा विचारा. डंकन यांनी आफ्रिकेतून आल्याचं सांगितलं होतं, तरी पहिल्या खेपेला त्यांना अँटिबायोटिक्स देऊन घरी पाठवण्यात आलं.