लायपेज वाढले म्हणजे पचन सुधारले, हे धादांत चुकीचे आहे

गेल्या महिन्यात कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या पोटात, बेंबीच्या वर, कळा सुरू झाल्या आणि त्या थेट पाठीत जाऊ लागल्या. तिने स्वतःहून जवळच्या लॅबमध्ये रक्त दिले. संध्याकाळच्या रिपोर्टात लायपेज, म्हणजे चरबी पचवणारे एन्झाइम, ७४२ होते आणि शेजारी छापलेली कमाल मर्यादा होती ६०. तरीही ती रात्रभर ओव्याचे पाणी पीत घरीच राहिली, कारण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या संदेशात लिहिले होते, "रक्तात पाचक एन्झाइम जितके जास्त, तितका जठराग्नी प्रबळ." त्याच संदेशात पुढे म्हटले आहे की एन्झाइम कमी आल्यास पाचक रस आटले असे समजून कॅप्सूल सुरू करावी, ही कॅप्सूल संपूर्ण शाकाहारी असते आणि चाळिशीनंतर प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी ही तपासणी करावी.

पहिले विधान जिवावर बेतणारे आहे. लायपेज आणि पिष्ट पचवणारे अमायलेज यांचे काम आतड्यात चालते, रक्तात नाही. स्वादुपिंडात तयार झालेला रस नलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरतो आणि रक्तात त्याचा अगदी थोडा अंश सापडतो. स्वादुपिंडाला सूज आली की त्याच्या पेशी दुखावतात आणि हीच एन्झाइमे रक्तात झिरपतात. जलवाहिनी फुटून रस्त्यावर पाणी आले, म्हणून घरच्या नळाला पाणी वाढले असे कोणी म्हणत नाही. १९९२ मध्ये अटलांटा येथे ठरलेल्या आणि २०१२ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार विशिष्ट प्रकारची पोटदुखी, कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट अमायलेज किंवा लायपेज, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी आढळल्या की तीव्र स्वादुपिंडदाहाचे निदान होते. मावशीच्या बाबतीत त्यांतल्या दोन त्याच संध्याकाळी हातात होत्या, कारण आकडा बारा पटींहून अधिक होता. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले आणि तिला दाखल करून सलाइन लावावे लागले.

मात्र हा आकडा एकटा वाचायचा नसतो. गालगुंडातही अमायलेज वाढते, मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर दोन्ही वाढू शकतात, आणि आकड्याच्या उंचीवरून आजार किती गंभीर आहे ते कळत नाही. शिवाय अमायलेज साधारण तीन ते पाच दिवसांत उतरते, तर लायपेज आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ चढे राहते. त्यामुळे उशिरा केलेल्या तपासणीत अमायलेज ठीक दिसले, तरी त्यावर निर्धास्त होता येत नाही.

पाचक रस कमी पडण्याचा आजार खरोखर असतो, एवढे मात्र मला मान्य करावे लागते. जुनाट स्वादुपिंडदाहात किंवा स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो होतो, वजन घटते आणि शौचास तेलकट, फिकट व अतिशय दुर्गंधीयुक्त होते. परंतु स्वादुपिंडाची राखीव क्षमता इतकी मोठी असते की सुमारे नऊ दशांश क्षमता गेल्यावरच चरबीचे पचन उघडपणे बिघडते. ही कमतरता ओळखण्यासाठी मुख्यतः विष्ठेतील इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचेच आणखी एक एन्झाइम, मोजतात. एका ग्रॅममध्ये २०० मायक्रोग्रॅमहून अधिक असल्यास ते सामान्य मानतात, १०० हून कमी असल्यास कमतरतेचा दाट संशय घेतात, आणि नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटा कमी येतो. संदेशात या तपासणीचा उल्लेखही नाही.

उरलेल्या दोन विधानांसाठी फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. या आजारावर डॉक्टर देतात ते पाचक एन्झाइमांचे औषध, पॅनक्रिएटिन, डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, आणि शाकाहारी माणसाला हे आधी कळण्याचा अधिकार आहे. दुकानात सहज मिळणाऱ्या पाचक गोळ्यांत बहुधा बुरशीपासून काढलेले डायस्टेज हे पिष्ट पचवणारे एन्झाइम असते, ते त्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. काही त्रास नसलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी लायपेज मोजून घेण्यात विनाकारण धास्तीखेरीज काही हाती लागत नाही.

ज्यांना वरच्या पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ आणि सोबत उलट्या असतील, त्यांनी लॅबची वाट न धरता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

मावशीचे पित्ताशय त्याच मुक्कामात काढले आणि आता ती घरी आहे. संदेश टाकणाऱ्या काकांना मी तिचा रिपोर्ट दाखवला आणि त्यांनी आपला संदेश लगेच काढून टाकला. मात्र तोवर तो आणखी दोन ग्रुपांवर गेला होता, त्यातला एक ज्येष्ठ नागरिकांचा आहे.