जुन्या बुलेटच्या क्लच केसमधील ऑइल : एका फिरत्या संदेशाला उत्तर

पुण्यातील जुन्या बुलेटवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा सारांश असा : कास्ट आयर्न बुलेटच्या, म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या रॉयल एनफील्डच्या, क्लच केसमध्ये, म्हणजे इंजिनकडून क्लचकडे जाणारी चेन ज्यात असते त्या डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनकेसमध्ये, वेगळे ऑइल पाहत बसण्याची गरज नाही, कारण ते इंजिनमधूनच तेथे येत असते, तरीही खात्री करायची असेल तर गाडी साइड स्टँडवर लावून लेव्हलचा, म्हणजे ऑइलची पातळी तपासण्याचा, स्क्रू उघडावा, कमी वाटल्यास नव्वद नंबरचे गिअर ऑइल सढळ हाताने ओतावे, कारण जास्त झाल्याने काही बिघडत नाही, तेथे पेट्रोल जळत नसल्यामुळे ते बदलावेही लागत नाही, आणि गळती दिसलीच तर कव्हरचा नट आणखी आवळावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, परंतु यातील जवळजवळ प्रत्येक सूचना त्या गाडीच्या रचनेशी विसंगत आहे, आणि नाना पेठेतून महागड्या क्लच प्लेटा आणण्याची वेळ येण्याआधी ती तपासून घेणे बरे.

पहिला दावा इंजिनमधून आपोआप येणाऱ्या ऑइलचा. कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि चेनकेस हे तीन वेगळे कप्पे असून प्रत्येकाचे ऑइल वेगळे भरावे लागते. इंजिनचे सुमारे सव्वादोन लिटर ऑइल क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचातच, सामावलेल्या टाकीत असते आणि उजव्या, म्हणजे टायमिंगच्या बाजूचे पंप ते फिरवतात. चेनकेसमधील सुमारे ४२० मिलिलिटर ऑइलशी या पंपांचा काहीही संबंध नसतो. या गैरसमजाचे मूळ मात्र समजण्यासारखे आहे. साधारण २०१० नंतरच्या बुलेटमध्ये यूसीई, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेले, इंजिन आले आणि त्यात इंजिन, क्लच व गिअर यांना एकच ऑइल पुरू लागले. ज्यांनी आधी अशी गाडी चालवली आणि नंतर हौसेने जुनी घेतली, त्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. येझदी आणि जावा बाळगणाऱ्यांचेही तसेच, कारण त्या गाड्यांत क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. १९७० पासूनच्या ट्रायम्फ ६५० मध्ये तर क्रँककेस आणि चेनकेस यांच्यामध्ये मुद्दाम छिद्रे ठेवलेली होती आणि तेथे चेनकेसची पातळी खरोखरच इंजिनच्या ऑइलवर राखली जात असे. थोडक्यात, संदेशातील विधान कोणत्या तरी गाडीबाबत खरे आहे. ज्या गाडीसाठी ते लिहिले आहे, तिच्याबाबत नाही.

उलट, कास्ट आयर्न बुलेटच्या चेनकेसमधील ऑइल न भरता वाढत असेल तर तो बिघाड समजावा. क्रँकच्या डाव्या बाजूचे ऑइल सील झिजले की इंजिनचे ऑइल पलीकडे जाऊ लागते. गाडी अनेक दिवस उभी राहिल्यावर टाकीतील ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसच्या तळाशी साचते, आणि पुढच्या वेळी गाडी सुरू होताच त्या जास्तीच्या ऑइलला हीच वाट सोपी पडते. लेव्हलच्या स्क्रूमधून दर वेळी धार लागते आणि इंजिनच्या डिपस्टिकवरील पातळी खाली जाते, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की सील बदलण्याची तयारी करावी.

साइड स्टँडचा सल्ला सर्वांत फसवा आहे, कारण तो पाळणाऱ्याला आपण काळजी घेतली असे समाधान मिळते. चेनकेस डाव्या बाजूला असते आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडेच कलते. त्यामुळे आतले ऑइल बाहेरच्या कव्हरकडे सरकते आणि पातळी कमी असतानाही त्याच कव्हरवरील स्क्रूच्या भोकातून ते वाहू लागते. पाहणारा म्हणतो, भरपूर आहे. आणि वाहते ते वाहू देतो, म्हणजे होते त्यातलेही घालवतो. चेनचा खालचा पदर ऑइलमध्ये बुडून ते वर नेतो आणि त्यावरच संपूर्ण चेनचे वंगण अवलंबून असते, हे लक्षात घेतले तर या चुकीची किंमत कळते.

योग्य पद्धत मुळीच अवघड नाही. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी करावी. पेठेतल्या वाड्याच्या उतरत्या बोळात हे करू नये. इंजिन बंद करून ऑइल खाली बसेपर्यंत थोडा वेळ जाऊ द्यावा. मग लेव्हलचा स्क्रू काढावा. भोकाच्या कडेशी ऑइल येऊन जेमतेम पाझरले तर पातळी बरोबर आहे. काहीच आले नाही तर वरचा प्लग उघडून नरसाळ्याने थोडे थोडे ऑइल घालावे, मध्ये थांबावे, आणि खालून पाझर सुरू झाला की हात आवरावा. जास्तीचे थेंब थांबल्यावरच स्क्रू, त्याच्या वॉशरसह, परत बसवावा. ४२० हा आकडा कोरड्या चेनकेससाठी उपयोगाचा आहे. अर्धवट भरलेल्या चेनकेसमध्ये मापापेक्षा स्क्रूचे भोक जास्त विश्वासार्ह असते. वरचा प्लग उघडलेलाच आहे तर डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, दाबून किक हळूहळू फिरवावी, मध्ये मध्ये थांबून बोटाने चेन वर-खाली करून पाहावी, आणि जेथे ती सर्वांत ताठ लागते तेथे सुमारे ६ मिलिमीटर खेळ आहे ना, हेही तपासून घ्यावे.

गिअर ऑइलच्या मुद्द्यावर संदेश चुकला आहे, पण त्याला नेहमी दिले जाणारे उत्तरही चुकीचे आहे. नव्वद नंबर म्हणजे फार जाड, म्हणून नको, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या नंबरांची मोजपट्टी वेगळी आहे, आणि तापल्यावर नव्वदचे गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच जाड असते. खरी अडचण त्यातील ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर) रसायनांची आहे. ती गिअरच्या दातांवरील प्रचंड दाब सोसण्यासाठी घातलेली असतात. क्लच प्लेटांना मात्र ठरावीक घर्षण हवे असते आणि ते राखणे हे त्या ऑइलचे काम नव्हे. चेनकेससाठी २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल वापरावे आणि डब्यावर जासो या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ अशी खूण पाहावी. ती ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या, क्लचसाठीची आहे. एमबी ही खूण कमी घर्षणाच्या ऑइलची, मुख्यतः गिअरलेस स्कूटरसाठीची, म्हणून ते येथे नको. परदेशात काही जण चेनकेसमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइलही वापरतात आणि त्यांचा क्लच नीट चालतो, परंतु ते गिअर ऑइलपेक्षा निराळे द्रव आहे, आणि २०डब्ल्यू-५० कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असताना त्याच्यामागे लागण्याचे कारण मला दिसत नाही.

जास्त झाल्याने काही बिघडत नाही, हे विधान लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी गाडी घालून पाहिल्यास टिकत नाही. ऑइलमध्ये गरजेपेक्षा खोल बुडालेल्या प्लेटा एकमेकींपासून नीट सुटत नाहीत, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. शिवाय जास्तीचे ऑइल कव्हरच्या रबरातून किंवा मागे गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून वाट काढतेच.

ऑइल कधीच बदलू नये, या दाव्यातील अर्धा भाग खरा आहे : चेनकेसमध्ये काजळी येत नाही. परंतु क्लच प्लेटांची पूड आणि चेनची झीज त्याच ऑइलमध्ये उतरते, आणि वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा फिरता भाग, रोटरही तेथेच असल्यामुळे त्याच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटून राहतो. जुने ऑइल दोन बोटांत चोळून उन्हात धरल्यास करडी चमक दिसते, ती याचीच. पावसाळ्यात नदीपात्रातील रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ऑइलचा रंगही पाहावा. दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे, आणि मग पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता ते बदलावे.

राहिला नट. हे कव्हर मधल्या एकाच नटावर धरलेले असते आणि कडेने रबराचे सील असते. नट जास्त आवळला की कव्हर मध्यावर दबून वाकते आणि कडा उलट सैल पडतात, म्हणजे गळती वाढते. डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल काढून, खाली परात ठेवून कव्हर उतरवावे, सीलची खाच जुन्या गाळापासून साफ करावी, कव्हरची कड काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहावे आणि नवे रबर बसवावे. कव्हर वाकलेलेच निघाले तर ते सरळ करून घ्यावे किंवा बदलावे. पाना मोठा घेऊन काही साधत नाही.